गाडीचे शॉक बदलताना : मऊ घ्यावेत की कडक?



शेतीच्या पत्रकात गाडीच्या शॉकचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण आज नळदुर्ग, अणदूर, जळकोट भागात अनेकांच्या दारात बोलेरो नाहीतर तसलीच जीपगाडी उभी असते. तीच पहाटे टोमॅटोचे क्रेट नेते, तीच पौषात पाहुण्यांना खंडोबाच्या जत्रेला आणते आणि रात्री-अपरात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर दवाखानाही तीच गाठते. शेताच्या पाणंदीतून निघायचं, राष्ट्रीय महामार्ग ६५ ला लागायचं आणि सुमारे ४५ किलोमीटरवरचं सोलापूर गाठायचं. पाणंदीत गाडी मऊ हवी, महामार्गावर ती घट्ट हवी. या दोन्हींचा मेळ घालणे म्हणजेच योग्य शॉक निवडणे होय.

एक अनुभव सांगतो. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराची गाडी महामार्गावर डुलू लागली. मागच्या टायरवर जागोजागी खळगे पडले. त्यांनी दोन नवे टायर घातले, तेही काही महिन्यांत तसेच झिजले. मग एका दुकानदाराने "सगळ्यात कडक शॉक घाला, दगड होईल गाडी" म्हणून सांगितले. गाडी खरोखरच दगड झाली! महामार्गावर ठीक, पण पाणंदीतून बाहेर पडेपर्यंत खालच्या क्रेटमधले टोमॅटो फुटू लागले आणि म्हातारी आई गाडीत बसेनाशी झाली. टायरचे, शॉकचे आणि मालाचे असे तिन्हीकडून पैसे गेले. हे टाळता आले असते.

शॉक नेमके काय करतो?

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गाडीचे वजन शॉक उचलत नाही. वजन उचलतात ते पाटे आणि स्प्रिंगा. चाक खड्ड्यात गेले की पाटा दबतो आणि मग उसळतो. त्याला कुणी आवरले नाही, तर झाडाला बांधलेल्या झोक्यासारखा तो हलतच राहील. त्याला आवरण्याचे काम शॉकचे.

शॉकच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. ताकात रवी फिरवणे सोपे, पण घट्ट काकवीत पळी फिरवून पाहा, हात जड होतो. दट्ट्यालाही तेलातून जाताना तसाच जोर लागतो. गाडीचा हिसका त्यात जिरतो आणि त्याची उष्णता होते.

दट्ट्या आत दबताना रोध कमी असतो आणि बाहेर सुटताना जास्त. कारण दबलेल्या पाट्याची उसळीच तर धरायची असते.

शॉक गेला हे कसे ओळखावे?

१. नळीवर तेलाचा नुसता ओलावा असेल तर घाबरू नये. पण तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल झाला असेल, तर शॉक गेला समजावे.

२. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. एक-दीड हेलकाव्यात गाडी थांबली पाहिजे. जड पाट्याच्या पिकअपला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही, ती हाताने दबतच नाही.

३. खडबडीत रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर जाऊन यावे आणि नळ्यांना बेताने हात लावून पाहावा. सायलेन्सरपासून हात जपावा. तीन नळ्या कोमट आणि एक गार असेल, तर ती गार नळी काम करत नाही.

४. ब्रेक दाबताच नाक खाली जाणे, वळणावर गाडी जास्त झुकणे आणि टायरला खळगे पडणे, ही दुखणी शॉकची असू शकतात.

ही गोष्ट केवळ आरामाची नाही. चाक रस्त्यावरून उडते तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग ऐकते. पुढे अचानक उसाची ट्रॉली आडवी आली, तर चाक जमिनीला धरून असण्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

शॉकला दोष देण्याआधी

टायरमधली हवा पाहावी. जास्त हवा भरली तर नवे शॉकही कडक वाटतात. पाट्याचे एखादे पान तुटले आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का, पाट्याचे आणि शॉकचे रबरी बुश झिजले आहेत का, हे मिस्त्रीकडून बघून घ्यावे. शंभर ठिकाणचा खडखडाट एकट्या शॉकच्या माथी मारू नये.

मऊ की कडक?

शॉकचा कडकपणा पाट्याच्या जोडीने ठरतो. बैलजोडीत एक बैल दांडगा आणि दुसरा लेचापेचा चालत नाही, तसेच हे आहे.

शॉक फार मऊ असेल तर गाडी डुलते आणि वळणावर कलते. फार कडक असेल तर दुसरे दुखणे लागते. लागोपाठच्या खड्ड्यांत दबलेला पाटा वेळेवर सुटत नाही, तोच पुढचा खड्डा येतो. गाडी दबत दबत खाली बसते आणि सगळे धक्के अंगात व मालात जातात. त्या बागायतदारांचे टोमॅटो असेच फुटले.

म्हणून आपली गाडी महिन्यातले किती दिवस कशासाठी पळते, ते आधी लिहून काढावे.

- घरची माणसे आणि थोडाफार माल : गाडीबरोबर आलेल्या मूळ मापाचेच शॉक घ्यावेत. गाडी बनवणाऱ्यांनी पाट्याशी जुळवूनच ते ठरवलेले असतात.
- रोज खराब रस्ता किंवा महामार्गावर लांबची धाव : मूळ मापाचेच पण गॅस भरलेले शॉक पाहावेत. सतत घुसळून तेलाला फेस येतो आणि शॉक ढिला पडतो. नायट्रोजन वायूच्या दाबाने फेस कमी धरतो.
- जास्तीचे पान घालून पाटा जड केलेला असेल : मागे थोडे कडक शॉक लागतात, कारण जड पाट्याची उसळी मोठी असते. मात्र ती गाडी रिकामी असताना धक्के देणारच.

आणि हो, शॉक कडक केले म्हणून जास्त माल भरता येत नाही. गाडीची वजनाची मर्यादा आहे तीच राहते.

खरेदी करताना आणि बसवताना

- पुढची किंवा मागची जोडी एकदम बदलावी. एक नवा, एक जुना असे करू नये.
- गाडीचे मॉडेल आणि साल सांगून शॉक घ्यावा. बोलेरो २००० सालापासून बाजारात आहे आणि मधल्या काळात तिच्यात बदल झाले आहेत. जुना शॉक सोबत न्यावा, पूर्ण दबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी जुळवून पाहावी.
- रंग देऊन नवा केलेला जुना शॉक घेऊ नये. पक्के बिल घ्यावे.
- साधा तेलाचा शॉक बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघडावा व दाबावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघते.
- बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळले तर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो.
- गॅसचा शॉक कधी कापू नये, तापवू नये, त्याला छिद्र पाडू नये. आतल्या दाबाने इजा होते.
- पुढचे काम केल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

शेवटी परीक्षा आपल्याच रस्त्यावर घ्यावी. शॉक बदलण्याआधी आणि नंतर, तोच माल, तीच टायरची हवा आणि तोच वेग ठेवून शेत ते महामार्ग एक फेरी मारावी. सोबत घरातले वडीलधारे माणूस न्यावे. त्यांची कंबर जे सांगेल, ते दुकानदार सांगणार नाही.

त्या बागायतदारांनी पुढे कडक शॉक काढून मूळ मापाचे गॅसचे शॉक घातले, झिजलेले बुश बदलले आणि टायरची हवा बेताची ठेवली. क्रेटमधला माल शाबूत पोचू लागला. आई यंदा तुळजापूरला त्याच गाडीतून जाऊन आल्या.

बियाणे जमीन पाहून निवडतो, तसेच शॉक रस्ता आणि भार पाहून निवडावेत.