हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे
वांगणी-बदलापूरकरांना गोल्फ पाहायचा तर खारघरचं सिडकोचं मैदान किंवा चेंबूरचा १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब गाठता येतो. तिथे ९० फटके मारणारा जिंकला आणि ८० वाला हरला, तर गोंधळू नये. पहिल्याचा हँडिकॅप (एकूण फटक्यांतून मिळणारी वजावट) १८, म्हणून निव्वळ ७२. दुसऱ्याचा ६, निव्वळ ७४. ज्याचे निव्वळ फटके कमी, तो विजेता.

ही वजावट सरासरीवरून ठरते, असं बरेच जण, खुद्द खेळणारेही, धरून चालतात. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत मात्र शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ च मोजतात, तेही मैदान किती अवघड हे जमेस धरून. दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’सारखंच: कच्चा विषय हिशेबाबाहेर. म्हणून बहुतेक दिवशी खेळाडू आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो. त्यात लबाडी नसते.

संथ खेळाचं खापरही मोठ्या हँडिकॅपवर फुटतं. वेळ खातात ते खरं तर आपली पाळी आली तरी तयार नसणारे. नियमांची शिफारस फटक्याला ४० सेकंदांची. हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटं. स्टेबलफर्डमध्ये (प्रत्येक होलला गुण देणारी स्पर्धा) गुण मिळणारच नसेल, तर चेंडू उचलून सरळ पुढे निघावं. मागचे चौघे दुवा देतील.