टर्फ टाकण्याआधी कोच शोधा



टर्फ आणि स्पोर्ट्स अकॅडमीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, खर्च किती येतो?" कार्पेट कुठलं घ्यायचं, लाईट किती लावायचे, नेट किती उंच, जागेचं भाडं किती... सगळं विचारून झालं. पण "सर, तिथे शिकवायला माणूस कुठून आणायचा?" हे फारसं कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू का, चूक माझीसुद्धा आहे. त्या अख्ख्या व्हिडिओत मी स्टाफवर जेमतेम दोन मिनिटं बोललो.

ती चूक मला नाशिककडच्या एका दर्शकाच्या फोनमुळे कळली. दादा पंचेचाळिशीचे. कंपनीत सुपरवायझर होते, व्हीआरएस घेतली आणि त्या पैशातून क्रिकेट अकॅडमी काढली. दीड वर्षात ५४ मुलं झाली. कोच तरुण, मेहनती, मुलांचा लाडका. दादा क्रिकेट खेळलेले नाहीत, म्हणून त्यांनी सगळं कोचवर सोडलं. पालकांशी बोलणं त्याच्याकडे, फीची आठवण त्याच्याकडे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनसुद्धा तोच. दिवाळीची सुट्टी संपली आणि कोच आलाच नाही. तीन किलोमीटरवर त्याने स्वतःची नेट लावली होती. ५४ पैकी ३८ मुलं तिकडे गेली.

दादांचा प्रश्न असा होता, "सर, केस टाकू का? नोकरी सोडल्यावर दोन वर्षं आसपास अकॅडमी काढायची नाही, असं मी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय."

मित्रांनो, हा मुद्दा नीट वाचा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम २७ नुसार कुणाला कायदेशीर धंदा करायला बंदी घालणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द ठरतो. नोकरीत असताना "दुसरीकडे शिकवायचं नाही" अशी अट घालता येते. पण नोकरी सोडल्यावर त्याने स्वतःची अकॅडमी काढायची नाही, ही अट आपल्याकडच्या कोर्टात सहसा टिकत नाही. कुणाचं तरी अ‍ॅग्रीमेंट डाउनलोड करून नाव बदललं की झालं, असं समजू नका. वकिलाला एकदा दाखवा. नोटीस पीरियड आणि पालकांची यादी ही अकॅडमीची माहिती आहे, हे कलम त्यात घालून घ्या. आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन, फी घेणारा क्यूआर कोड, पालकांना जाणारा फोन, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच ठेवा. ज्याच्या हातात पालक, त्याच्या हातात अकॅडमी.

आता जरा कोचच्या बाजूने बघू, कारण तो काही व्हिलन नाही. तो १८ हजारांवर काम करत होता आणि समोर ५४ मुलांची फी गोळा होताना बघत होता. तुम्ही त्याच्या जागी असता तर?

खेळातल्या नोकऱ्या आपल्याकडे अजून स्थिर नाहीत. पूर्वी एकच रस्ता होता, तो म्हणजे खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी. तो रस्ता आजही सगळ्यात मोठा आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत टीसी होता आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने नेमबाजीत कांस्यपदक आणलं. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना सरकारी भरतीत ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे तुमच्याकडे मुलाखतीला येणारा राज्य पातळीवरचा खेळाडू बहुतेक वेळा एका डोळ्याने भरतीच्या जाहिरातीकडे बघत असतो. ऑर्डर आली की तो जाणार, आणि जावंच त्याने. पण हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारा, "दादा, कुठे फॉर्म भरलाय का?" ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघांचंही नुकसान आहे.

मग लीग आल्या. २००८ ला आयपीएल, २०१४ ला प्रो कबड्डी, २०२२ ला अल्टिमेट खो-खो, २०२३ ला महिलांची डब्ल्यूपीएल, आणि २०२४ ला तर टेनिस बॉलची आयएसपीएल ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाली. प्रत्येक टीममागे फिजिओ, ट्रेनर, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, किट सांभाळणारा, प्रवासाची व्यवस्था बघणारा अशी माणसं लागतात. बाहेरून बघताना वाटतं, वा, काय करिअर आहे! पण ही बरीचशी कामं हंगामापुरती असतात. सीझन संपला की बॅग उचला आणि घरी. २०२५ मध्ये तर आयएसएल फुटबॉलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे फँटसी गेम बंद झाले. तिथे अ‍ॅप बनवणारी, डेटा बघणारी भरपूर मुलं कामाला होती. चांगला पगार होता, पण तो एका कायद्यावर उभा होता.

यात तुमच्यासाठी काय आहे? या लोकांचे वर्षातले बरेच महिने रिकामे असतात. पूर्ण पगाराचा फिजिओ तुम्हाला परवडणार नाही, पण आठवड्यातून एक संध्याकाळ नक्की परवडेल. स्पर्धा भरवणार असाल तर स्कोअरर, कॉमेंट्रीवाला, यूट्यूबवर लाइव्ह दाखवणारा, सगळे दिवसाच्या हिशेबाने मिळतात. कोकणातल्या आणि नवी मुंबईतल्या टेनिस बॉल स्पर्धा बघा, मराठी कॉमेंट्रीसकट कशा झकास चालतात! खेळातली भरती आता महिन्यावरून दिवसावर आणि मॅचवर आलीय. छोट्या धंद्याला ते सोयीचं आहे. फक्त पैसे त्याच दिवशी द्या, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका. या लाईनमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात.

आणि एक जागा अजून बऱ्यापैकी रिकामी आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. सांगलीची स्मृती मानधना आज घराघरात माहीत आहे. मुलीला क्रिकेटला घालायचं म्हणणारे पालक मला आता भेटतात, पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम आहेत का शिकवायला?" मी आज अकॅडमी काढली असती तर पहिली नेमणूक महिला कोचची केली असती. लग्नानंतर खेळ सुटलेल्या कितीतरी माजी खेळाडू तुमच्या शहरात असतील. त्यांना आठ तास नाही जमणार, पण संध्याकाळचे दोन तास जमतील. तुमची बॅच तरी किती तासांची असते?

निवड कशी करायची? सर्टिफिकेट बघा. पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा असेल तर उत्तम, तिथला सहा आठवड्यांचा कोर्स असेल तरी चांगलं. बी.पी.एड. झालेले असतात, त्या त्या खेळाच्या संघटनेचे कोर्स असतात. हल्लीचे पालक भिंतीवरची फ्रेम वाचतात. पण माझा भरवसा मुलाखतीवर कमी आणि ट्रायलवर जास्त आहे. दहा वर्षांखालची १२ मुलं त्याच्या ताब्यात द्या, एक तास, आणि तुम्ही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. चांगल्या खेळणाऱ्याकडे बघूच नका. रांगेत शेवटी उभा असलेला घाबरट मुलगा बघा. तासाभरात त्याच्या हातात बॉल किती वेळा आला? त्याचं नाव कोचला कळलं का? मोठा खेळाडू चांगला शिकवेलच असं नाही, हे तिथे लगेच दिसतं.

आणि पोलीस व्हेरिफिकेशन. इथे ओळखपाळख, "आपलाच माणूस आहे", काही चालणार नाही. लहान मुलं तुमच्या भरवशावर येतात. पोक्सो कायद्यात असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्था चालवणाऱ्यावर तो लागतो. बदनामीच्या भीतीने झाकून ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

पगाराचं मी दादांना असं मांडून दिलं. समजा ४० मुलं, फी १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ६०,००० जमा. कोचला फिक्स १८,००० आणि २५ च्या वर प्रत्येक मुलामागे ३०० रुपये. ४० मुलं असतील तर त्याचे झाले २२,५००. मुलं ६० झाली तर २८,५००. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण हिशेब दर महिन्याला त्याच्यासमोर वहीत मांडा. मुलं वाढली की आपलेही वाढतात, हे त्याला दिसलं पाहिजे. तरीही तो जाऊ शकतो. म्हणून एका बॅचला एकच कोच कधी ठेवू नका, दुसरा चेहरा मुलांच्या ओळखीचा असू द्या.

दादांनी केस केली नाही. वकिलाने सांगितलं, पैसे जातील आणि हाताला काही लागणार नाही. उरलेल्या १६ मुलांच्या घरी ते स्वतः जाऊन आले. दीड वर्षात पहिल्यांदाच, असं तेच म्हणाले. आता त्यांच्याकडे सकाळी बी.पी.एड. करणारा एक मुलगा येतो आणि संध्याकाळी जिल्ह्याकडून खेळलेल्या एक ताई. ग्रुप दादांच्या नंबरवर आहे. मागच्या आठवड्यात बोललो तेव्हा २३ मुलं झाली होती, त्यात ७ मुली. जागेचं भाडं अजून पूर्ण निघत नाही, उन्हाळी शिबिरावर सगळी भिस्त आहे. शिबिर संपलं की मी तिकडे जाऊन व्हिडिओ करणार आहे. वही कॅमेऱ्यासमोर उघडायला दादा तयार आहेत.