दालचिनीच्या रानातली पाकोळी

पुलावाच्या फोडणीत दालचिनीचा तुकडा टाकताना ही साधीभोळी साल कुणाच्या जिवावर उठली असेल, असं मनातसुद्धा येत नाही. पण मैत्रिणींनो, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर तसं घडलंय खरं.

तिथं एक चिमुकलं वटवाघूळ राहतं. वजन दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर! शेपटीचं टोक पायांमधल्या पडद्यातून वर डोकावतं, म्हणून त्याला म्यानशेपटी म्हणू या. डोंगरउतारावर काळ्या खडकांचे प्रचंड धोंडे एकमेकांवर रेललेले असतात. त्यांच्यामधल्या गार, अंधाऱ्या पोकळीत ही मंडळी दिवसभर असतात आणि तिन्हीसांजेला पतंग, भुंगेरे टिपायला बाहेर पडतात. पूर्वी प्रासलँ आणि ला दीग बेटांवरही ती होती. आता फक्त माहे आणि सिलूएत. सगळी मिळून शंभराच्या आतच, असा अंदाज आहे. आपल्या एका वर्गात दोन तुकड्या कोंबल्या तर याहून जास्त पोरं होतात!

गंमत पाहा. तिथलं मोठं, फळं खाणारं वाघूळ लोक चक्क रस्सा करून खातात, तरी ते पुष्कळ आहे. याला कुणी खात नाही, आणि हेच संपत चाललंय.

त्याचं असं झालं. १७७० साली बेटांवर पहिली वस्ती झाली आणि पाठोपाठ मसाल्याची रोपं आली. सखल भागातली झाडं नारळबागांसाठी तुटली, वर डोंगरात दालचिनी माजली. मूळचं रान गेलं, तसे त्यातले किडेही गेले. १९४९ साली उंदरांचा बंदोबस्त म्हणून बाहेरून गव्हाणी घुबडं आणली. ती उंदीर सोडून पाखरांवर आणि वटवाघळांवरही टपली. शिवाय मांजरं आहेतच. (उंदरांवरचे घरगुती उपाय असेच अंगाशी येतात, हे आपल्याला काय सांगायला हवं!)

सिलूएतवर गुहेजवळच्या उपऱ्या वेली आणि झाडोरा काढायचं काम झालं. २०१० साली ते बेट राष्ट्रीय उद्यानही झालं. पण हे काम नाजूक. वेलींनी गुहेचं तोंड बुजलं तर पंचाईत, आणि सगळंच छाटून टाकलं तर आत ऊन शिरून गारवा जातो. माणसांची वर्दळही त्यांना सोसत नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही पावसाळा सुरू झाला की. अशा वेळी कुणी बॅटरी घेऊन आत डोकावलं, तर ती पिल्लासकट कुठं जाणार? दुसऱ्या गुहा आता उरल्यात किती!