धुराच्या वासाची आमसुले

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या दादरच्या घरातल्या फडताळावरून आमसुलांची एक बरणी खाली उतरली. तिच्यावर ‘मे २०२५’ अशी चिठ्ठी डकवलेली. झाकण उघडून सौ. म्हणाली, “अहो, ह्या आमसुलांना अजून धुराचा वास येतोय! टाकून देऊ का?” मी घाईघाईने बरणी तिच्या हातून काढून घेतली. त्या वासामागे एक हकीकत आहे, आणि ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना सांगावी असे माझ्या मनात आले.

देवगडला लागूनच जामसंडे आहे. गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कडेशी, आमची हापूसची थोडी कलमे आहेत, आणि त्या कलमांत एक मांगर आहे. मांगर म्हणजे बागेतले लहानसे घर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले खळे आणि भोवती दगडांचा गडगा. काका गेल्यावर काकीने तिथेच बिऱ्हाड मांडले. वय ऐंशीच्या पुढे, पण मुंबईला यायचे नाव काढले की तिला तेव्हाच नेमके काहीतरी काम आठवते.

माझ्या वडिलांच्या पिढीचे चाकरमानी आगबोटीने गावी येत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मेअखेरची बोट गाठून सारे परत फिरत. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. बोटीची ती अडचण गेली, पण सवय राहिली. आंबे खायचे, पेट्या बांधायच्या आणि पाऊस यायच्या आत मुंबई गाठायची! त्यामुळे कोकणच्या उन्हाळ्याचा शेवटचा पंधरवडा आम्हा मुंबईकरांपैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. निवृत्त झाल्यापासून मी नेमका तोच गाठतो.

ह्या दिवसांत हवा सुखाची असते, असे मी मुळीच म्हणणार नाही. समुद्र जवळ असल्यामुळे पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे सहसा सरकत नाही, पण हवेत पाणी इतके, की अंगावरचा घाम वाळायचे नाव घेत नाही. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तेवढा एक तास काय तो आरामाचा. दुपारी सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापतो. संध्याकाळी दर्यावर ढग रचले जातात आणि रात्री सह्याद्रीच्या बाजूला मुकाट विजा लवतात. पाऊस मात्र नाही. सारे गाव मान वर करून बसलेले.

पण बागेत काय गडबड! हापूस बहुतेक उतरलेला असतो. उरलासुरला घळीने काढून कॅनिंगला धाडायचा, नाहीतर फळमाशी त्यात घर करते. मागच्या दारी फणस पिकून घमघमतो, रतांब्यांखाली लालभडक सडा पडतो. कलमांच्या पानांत हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, पाने शिवून घरटी करतात आणि चढणाऱ्या गड्याला फोडून काढतात. चैत्रापासून धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बिचारा फटीतून तिला फळे भरवतो. काजऱ्याचे फळ आपल्याला विषारी, पण त्याचा गर हा पक्षी खुशाल खातो. रात्री वटवाघळे फणसावर येतात. वळवाची एखादी सर पडली, की गडग्यालगतच्या जांभळीवर काजवे उतरतात. आदल्या पावसाळ्यात ह्यांच्याच अळ्यांनी गोगलगायी खाऊन बागेची राखण केलेली असते.

कावळा घर बांधू लागला, की काकी मान वर करून पाहते. शेंड्याला बांधले तर पाऊस कमी, मधल्या बेचक्यात बांधले तर जास्त, असा तिचा ठोकताळा. टिटवीवर तर तिचा फारच विश्वास. सड्यावर, उघड्या दगडांत, ही चार अंडी घालते. काकीच्या मते टिटवी अंडी घालते तिथे मृगापर्यंत पाणी येत नाही.

आणि मृगाआधी बेगमी व्हायची असते. जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत वाळवायचे म्हटले तर रुमालसुद्धा वाळत नाही. म्हणून लाकडे खोपीत भरायची, कौले शाकारायची, पडवीला झापांची झड लावायची. सुके बांगडे, कुळथाची पिठी, फणसाचे पापड, आंब्याची साटे. सर्वांत मोठे काम सोलांचे. रतांब्याची साल त्याच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. असे आठवडाभर ऊन खाल्ल्याशिवाय आमसूल टिकत नाही. हे सगळे रोहिणीच्या उन्हात होते. रोहिणी २५ मेला लागते आणि मृग ७-८ जूनला. मधले पंधरा दिवस काकीच्या हिशेबी सोन्याचे.

२०२५ साली हे पंधरा दिवस आलेच नाहीत.

मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास पाऊस सुरू झाला. “वळीव आहे, उद्या थांबेल,” मी म्हणालो. अरबी समुद्रात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते. त्याचा जोर वाढत गेला आणि २४ तारखेला ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि दुसऱ्या दिवशी, रोहिणी लागते त्याच २५ मेला, हवामानखात्याच्या नकाशावरची मान्सूनची रेघ थेट देवगडवरून गेली! २६ला तो मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून.

पहिल्या रात्रीच काकीच्या हाकेने मला जाग आली. “झिला, ऊठ! सोलां भायर आसत!” विजेच्या उजेडात आम्ही दोघे खळ्यावरच्या चटया ओढत होतो. निम्मी सोले चिखलात गेली. लाकडे उघड्यावर, झड लावायची राहिलेली. झाडावरच्या आंब्यांना तर कुणी विचारूच नये.

सकाळी सड्यावर गेलो. कातळाच्या खोलगटात गुडघाभर पाणी. टिटवीची अंडी होती ती जागा त्याखाली गेली होती, आणि ती पाण्याभोवती ओरडत घिरट्या घालत होती. दोन रात्री तिचे ओरडणे मांगरात ऐकू येत होते. काकी ऐकत होती, पण एक शब्द बोलली नाही. बेडकांची मात्र दिवाळी! पिवळेधमक नर डबक्यांत डरांव डरांव करीत होते. चौथ्या दिवशी खळ्याच्या कडेला मखमली लाल मृगाचा किडा दिसला. मृग लागायला दोन आठवडे होते. त्याला कुणी पंचांग दाखवले नव्हते.

उरलेली सोले काकीने चुलीवर टांगलेल्या सुपात पसरली. ती आठ दिवस फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली. मी “राहू दे, मुंबईला विकत मिळतात,” म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले, की पुढचे आठ दिवस लाकडे मीच फोडली.

गंमत अशी, की महिना संपता संपता मान्सूनची पुढची चाल खोळंबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. जोर ओसरला, अधूनमधून ऊन पडू लागले. मृग लागला त्या सकाळी मी सुपे खळ्यावर मांडली आणि घाबरत घाबरत विचारले, “काकी, टिटवीचा ठोकताळा चुकला म्हणायचा?”

काकी सूप सारखे करीत म्हणाली, “पंचांग आमचा चुकला. पावसाक कोण काय सांगतलो?” मग थोड्या वेळाने, सड्याच्या दिशेने पाहत, “फुडल्या वर्साक पंधरा दिस आदी ये.”

निघताना तिने बरणी माझ्या हाती दिली. वाटेत उघडली, तर एसटीभर धुराचा वास सुटला.

तीच ही बरणी. यंदाच्या दिवाळीत तिच्यातली चार आमसुले मी आमटीत टाकायला लावली. सौ.ने पहिल्या घोटाला नाक मुरडले, दुसऱ्याला काही बोलली नाही, आणि तिसऱ्या घोटाला म्हणाली, “मेमध्ये तुमचे तिकीट लवकरचे काढा. मीही येते. लाकडे तुम्हीच फोडायची, हे मात्र आधीच सांगून ठेवते.”