पणजीचं माहेर दोन वह्यांत

मैत्रिणींनो, तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव तुम्हाला सांगता येईल? आपल्याकडची वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते, बायका आल्याच तर 'अमक्याची पत्नी' म्हणून. पोलंडमध्ये मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतमजुराच्या बायकोचंही माहेर सापडू शकतं. ही करामत चर्चच्या नोंदवह्यांची, आणि खरं तर त्यांच्या दुसऱ्या प्रतीची.

1808 साली वॉर्साच्या मुलखात नेपोलियनचा कायदा आला. पुढे जन्म, लग्न, मृत्यू लिहिण्याचं सरकारी कामही गावच्या धर्मगुरूकडेच आलं. लिहिणं गोष्टीसारखं! अमुक वाजता बाप आला, सोबत दोन साक्षीदार, बाळ दाखवलं, आई अमुक, माहेरची अमुक, वय इतकं. बाळंतीण बिचारी घरीच, पण तिचं माहेर कागदावर आलं.

वही दोनदा लिहायची. एक चर्चमध्ये राहायची, दुसरी वर्ष संपलं की कोर्टाच्या दप्तरात. पहिलीला पोलिश भाषेत युनिकाट म्हणतात, दुसरीला डुप्लिकाट. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गालिसियात रकान्यांची लॅटिन वही असे, तिची नक्कल बिशपच्या कचेरीत जाई. तिथे तर बऱ्याच वह्यांत बाळाच्या आईचे आईवडीलही लिहिलेले असतात. म्हणजे एका नोंदीत दोन माहेरं!

मग महायुद्धं झाली. चर्चं जळली. 1944 साली जर्मनांनी वॉर्सातली अभिलेखागारंही पेटवून दिली. कुठे चर्चची वही गेली, कुठे कोर्टाची. उरली तिच्यावर भिस्त.

दोन्ही उरल्या असतील तर दोन्ही बघाव्यात, असं जाणकार सांगतात. नक्कल करणारा माणूसच, आडनावाचं एखादं अक्षर बदलतो, ओळ गाळतो. रशियाच्या ताब्यातल्या भागात 1868 पासून नोंदी रशियन भाषेत गेल्या, तिथे तारखाही दोन असतात, बारा-तेरा दिवसांच्या अंतराने. दोन कॅलेंडरांच्या त्या तारखा. दोन मुलं समजू नका!

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. पूर्व पोलंडमधून 1940-41 मध्ये सोव्हिएत सरकारने हद्दपार केलेली ही कुटुंबं. त्यांचा मुलूख आता युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहे. पण ल्विव्हकडच्या चर्चच्या बऱ्याच जुन्या वह्या आणि नकला वॉर्साच्या मध्यवर्ती ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत, पुष्कळशा घरबसल्या संगणकावर दिसतात. त्या भागातून वळिवड्याला आलेल्या मुलीची नात आज इंग्लंडमध्ये असली तरी तिला तो रकाना उघडता येतो. आधी पणजीचं नाव, मग तिच्या बापाचं, आणि त्याच्या शेजारी तिच्या आईचं, माहेरच्या आडनावासकट.