एसी आणि गिझरचा थर्मोस्टॅट: कसा बसवावा, कसा वापरावा आणि २०० युनिटांत कसे राहावे

हा लेख कोणासाठी आहे?

भिलाई-दुर्ग भागात ज्यांच्याकडे राज्य वीज वितरण कंपनीचे घरगुती कनेक्शन आहे, ज्यांना 'हाफ बिजली बिल' योजनेची सूट मिळते आणि ज्यांच्या घरी एसी किंवा गिझर आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमचे बिल भिलाई इस्पात संयंत्राच्या नगर विद्युत विभागाकडून येत असेल, तर सुटीचे नियम त्या कार्यालयात विचारून घ्या. थर्मोस्टॅटविषयीची माहिती मात्र तुम्हालाही लागू आहे.

सूट किती युनिटांपर्यंत मिळते?

१ मार्च २०१९ पासून महिन्याच्या पहिल्या ४०० युनिटांवर निम्मे बिल लागत असे. ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा १०० युनिटांवर आली. त्यानंतर १ डिसेंबर २०२५ पासून 'मुख्यमंत्री ऊर्जा राहत जन अभियान' या नावाने ती २०० युनिट करण्यात आली. २०० ते ४०० युनिट वापरणाऱ्यांनाही पहिल्या २०० युनिटांवर सूट आहे, पण ती एका वर्षापुरतीच. या वर्षभरात त्यांनी पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सौर पॅनेल बसवून घ्यावेत, अशी शासनाची अपेक्षा आहे.

ज्यांचे स्वतःचे पक्के छत आहे त्यांनी पॅनेलचा विचार जरूर करावा. पण कॅम्प किंवा खुर्सीपारमध्ये भाड्याच्या खोलीत, पत्र्याखाली राहणाऱ्याला ते सोपे नाही. त्याच्या हातात मीटर, रिमोट आणि स्विच एवढेच असते. म्हणून थर्मोस्टॅट नीट समजून घेण्याची खरी गरज त्यालाच आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे काय? तो वेगळा विकत घ्यावा लागतो का?

ठरवलेले तापमान आले की यंत्र थांबवणारा आणि तापमान बदलले की ते पुन्हा सुरू करणारा स्विच म्हणजे थर्मोस्टॅट. शासकीय परिभाषेच्या वळणाने याला 'तापनियंत्रक' म्हणता येईल, पण पॉवर हाउस किंवा सुपेल्याच्या दुकानात तो शब्द सांगितलात तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. 'थर्मोस्टॅट' असेच मागा.

ऑनलाइन दुकानांत भिंतीवर लावायचे 'प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट' दिसतात. ते बहुतेक थंड देशांतल्या, संपूर्ण घर एकाच यंत्राने गरम किंवा गार करण्याच्या व्यवस्थेसाठी असतात आणि २४ व्होल्टच्या वेगळ्या तारांवर चालतात. आपल्या विंडो किंवा स्प्लिट एसीला ते जोडता येत नाहीत, आणि २३० व्होल्टच्या तारा त्यात घातल्या तर ते जळतात. त्यावर पैसे घालवू नका. तुमच्या एसीत आणि साठवणीच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट आधीपासूनच आहे.

एसी किती अंशांवर ठेवावा?

१ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबल असलेले खोलीचे नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवर सुरू होतील असेच तयार करावे लागतात. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचा हिशेब आहे. २६ अंश ठेवा आणि छताचा पंखा हळू चालू ठेवा. बहुतेकांना तेवढे पुरते.

१६ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज चुकीचा आहे. साधा एसी १६ वर असो की २६ वर, कॉम्प्रेसर एकाच ताकदीने चालतो. इन्व्हर्टर एसीही खोली तापलेली असताना पूर्ण जोर लावूनच सुरू होतो. फरक एवढाच की १६ वर ठेवलेला एसी थांबतच नाही, कारण मेच्या दुपारी तापलेल्या खोलीत १६ अंश कधी येतच नाहीत.

आता युनिटांचा हिशेब पाहू. एसीच्या स्टार-लेबलवर वर्षाचा वापर छापलेला असतो. तो १६०० तासांसाठी धरलेला असतो. त्या आकड्याला १६०० ने भागा. समजा लेबलवर ९६० आहे, तर तासाला ०.६ युनिट. रोज आठ तास म्हणजे महिन्याला १४४ युनिट. त्यात फ्रिजचे २०, ७५ वॅटच्या दोन पंख्यांचे रोज बारा तासांनी ५४ आणि दिवे-टीव्हीचे १२ धरले, तर बेरीज २३० होते. आता हाच एसी ऑफ-टायमर लावून पाच तासांतच बंद केला, तर त्याचे ९० युनिट होतात आणि बेरीज १७६ वर येते. हे अंदाजी गणित आहे. कडक उन्हाळ्यात एसी लेबलपेक्षा जास्त वीज खातो. तरी २०० ची रेघ कुठे ओलांडली जाते ते यावरून कळते.

ऑफ-टायमर लावायला रिमोटवरचे 'टायमर' बटण दाबा, एसी किती तासांनी बंद व्हावा तो आकडा निवडा, आणि रिमोट एसीकडे धरून पुन्हा दाबा. एसीने 'बीप' दिली तरच टायमर लागला. ज्या रिमोटवर घड्याळ असते, त्यात आधी चालू वेळ लावावी लागते. 'स्लीप' बटण दाबले की रात्री तापमान आपोआप एक-दोन अंशांनी वाढते. अनेक मॉडेलांत लाइट जाऊन आली की टायमर पुसला जातो, तेव्हा तो पुन्हा लावा.

एसीला प्लगचा टायमर लावू नका. त्याने मधेच वीज तोडली जाते आणि कॉम्प्रेसरला त्रास होतो. हाताने बंद केलेला एसीही तीन मिनिटे थांबूनच सुरू करावा.

एक गोष्ट अनुभवावरून सांगते: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत भिलाईत कूलर चांगला चालतो आणि तो एसीच्या मानाने फारच कमी वीज घेतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरने नुसते चिकचिकते. एसीचे तास त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

गिझरचा थर्मोस्टॅट

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी पंधरा-सोळा मिनिटे पुरतात. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पुढे तो स्वतः वीज तोडतो. बिघडला असेल तर कॉइल चालूच राहते, म्हणजे तासाला २ युनिट. तापमानाचे बटण बाहेर असल्यास ५० ते ५५ वर ठेवा.

इथे थोडे थांबून वाचा. गिझर गरम होईनासा झाला की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून दोन तारा एकत्र जोडून देतात. याला 'डायरेक्ट करणे' म्हणतात. आमच्या घरी असेच झाले होते. पाणी उकळू लागले, नळातून वाफ यायला लागली, तेव्हा कळले. असा गिझर बंदच होत नाही. आत दाब वाढत जातो आणि टाकी फुटू शकते. नवा थर्मोस्टॅट महाग नसतो. मिस्त्री म्हणाला, 'डायरेक्ट करून देतो, चालेल', तर नाही म्हणा.

थर्मोस्टॅट बदलण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण तो काय करतो ते शेजारी उभे राहून पाहा. आधी एमसीबी बंद, मग टेस्टरने तपासणी. झाकण उघडल्यावर तारांचा फोटो काढून ठेवावा. नवा थर्मोस्टॅट जुन्याच्याच लांबीचा, तितक्याच अँपिअरचा आणि आयएसआय खुणेचा हवा. फेजची तार सुरक्षा कटआउट आणि थर्मोस्टॅट या दोन्हींमधून कॉइलकडे गेली पाहिजे. अर्थिंगची तार सैल नको. शेवटी नळ सोडून टाकी पाण्याने भरली आहे याची खात्री झाल्यावरच स्विच चालू करावा. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

गिझरला टायमर लावता येतो का?

येतो, आणि पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, म्हणून टायमर आणि सॉकेट दोन्ही १६ अँपिअरचे हवेत. ६ अँपिअरचा लहान टायमर वितळतो. पिनांच्या गोल चकतीचा टायमर स्वस्त असतो, पण लाइट गेली की त्याची चकती थांबते आणि वेळ मागे पडते. बॅटरीचा डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो आणि त्यात आठवड्याच्या प्रत्येक दिवसाची वेगळी वेळ लावता येते. आंघोळीच्या आधी अर्धा तास पुरे. शिफ्ट बदलली की वेळ बदलायला विसरू नका, नाहीतर गिझर रिकाम्या घरात पाणी तापवत बसेल.

युनिट वाढताहेत की कमी होताहेत, हे कसे कळेल?

मीटरवरचा 'केडब्ल्यूएच' आकडा दर रविवारी एकाच वेळी वहीत लिहा. आठवड्याला ४६ युनिटांच्या आत असाल तर महिना २०० मध्ये बसतो. दोन आठवड्यांतच आकडा १०० च्या पुढे गेला, तर बिल येण्याची वाट न पाहता एसीचा टायमर एक तासाने कमी करा. बिलात सूट दिसत नसेल किंवा मीटरचा आकडा आणि बिलातला आकडा जुळत नसेल, तर मीटरचा फोटो घेऊन १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.