लागोसची ‘आन्यान्वू’ : सत्तर वर्षांचा मागोवा

लागोसच्या ओनिकान भागात १९५७ साली राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले, तेव्हा बेनिनच्या लुटीला साठ वर्षे झाली होती. १८९७ मध्ये इंग्रजी फौजेने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजवाडा लुटला आणि तिथली हजारो ओतीव शिल्पे युरोपात पोचली. त्यांतले काही फलक ब्रिटिश म्युझियमने १९५०च्या दशकात नायजेरियाला चक्क विकत दिले. चोरीचा माल मूळ धन्यालाच विकण्याचा हा व्यवहार तेव्हा कुणाला फारसा विचित्र वाटला नसावा!

याच संग्रहालयासाठी शिल्पकार बेन एन्वोन्वू यांनी ‘आन्यान्वू’ हे ब्राँझ शिल्प घडवले. एन्वोन्वू १९१७ साली ओनित्शा इथे इग्बो जमातीच्या घरात जन्मले. वडील लाकडात मूर्ती कोरायचे. त्यांची हत्यारे मुलाकडे आली. शाळेत केनेथ मरे हे चित्रकलेचे शिक्षक लाभले. लागोसच्या संग्रहालयासाठी पुढे सर्वांत जास्त खटपट केली ती याच मरे यांनी. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकून आल्यावर एन्वोन्वू वसाहत सरकारचे कला-सल्लागार झाले. सरकारी नोकरीतल्या माणसाने राष्ट्रीय अस्मितेचे शिल्प करावे, यातला पेच उघड आहे. १९५७ मध्ये त्यांनी राणी एलिझाबेथचाही ब्राँझ पुतळा केला, आणि राणीचे ओठ आफ्रिकी दिसतात म्हणून लंडनमध्ये कुरकुर झाली.

‘आन्यान्वू’मध्ये मात्र त्यांना कुणाची मर्जी राखायची नव्हती. आन्यान्वू ही इग्बोंची सूर्यदेवता. देह उंच, सडपातळ, खाली निमुळता होत गेलेला, जणू जमिनीतून वर येणारा. शिर आणि शिरोभूषण मात्र बेनिनच्या राजमातेच्या प्रसिद्ध ओतीव शिरावरून घेतलेले. इग्बो देवता आणि बेनिनचे एडो राजघराणे यांना एका देहात आणणे हा माझ्या मते या शिल्पातला खरा धाडसी भाग. जन्माला येऊ घातलेल्या देशाने वेगवेगळ्या जमातींकडून काय काय घ्यावे, याचा तो प्रस्तावच होता.

त्या प्रस्तावाची परीक्षा लवकरच झाली. १९६० मध्ये स्वातंत्र्य आले. १९६६ मध्ये लष्कराने दोनदा सत्ता उलथवली आणि उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नायजेरियाने ‘आन्यान्वू’ची दुसरी प्रत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना भेट दिली. घरी इग्बो माणसे जीव वाचवायला पूर्वेकडे पळत होती आणि जगापुढे देशाची ओळख म्हणून इग्बो कलावंताचे शिल्प उभे राहत होते. पुढच्याच वर्षी इग्बोबहुल पूर्व भाग बियाफ्रा म्हणून वेगळा झाला आणि युद्ध पेटले. ते १९७० मध्ये संपले.

युद्धानंतर एन्वोन्वूंनी इफे विद्यापीठात शिकवले आणि तिथल्या योरुबा राजकन्येचे ‘तुतू’ हे चित्र काढले. १९९४ साली ते वारले. २०१८ मध्ये ‘तुतू’ची हरवलेली एक आवृत्ती लंडनमध्ये बारा लाख पौंडांना विकली गेली, तेव्हा जगाला त्यांची नव्याने आठवण झाली.

जून २०२५ मध्ये नेदरलँड्सने बेनिनच्या ११९ वस्तू परत केल्या. तो समारंभ लागोसच्या याच संग्रहालयात झाला. अशा बातम्यांत एन्वोन्वूंचे नाव सहसा येत नाही, हे मला खटकते. बेनिनची शिरे परदेशी कपाटांत असतानाच त्यांतल्या एकाला त्यांनी नवा देह दिला होता, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती.